थेंबाची लांबी

जून महिन्यातली रात्र होती. वीज जाऊन-येऊन दमली होती आणि डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यातली ट्यूबलाइट एकदाची नीट पेटली होती. साडेदहाच्या सुमारास शेजारच्या मुलाने बेल वाजवली. "काका, जिन्यात पोपटाचं पिल्लू शिरलंय. ट्यूबला धडका मारतंय."

पोपट नव्हता. चपलांच्या रॅकखाली मुठीत मावेल एवढा जीव बसला होता. पोट हळदीत केशर कालवल्यासारखं, डोक्यावर नारिंगीत मिसळलेली जांभळी झाक, पंख गडद निळे, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. चोच अंगाच्या मानाने एवढी मोठी, की दुसऱ्या कुणाची उसनी आणल्यासारखी वाटावी. तिबोटी खंड्या! ज्याच्यासाठी मी किती पावसाळे ठाण्याजवळच्या येऊरच्या ओढ्याकाठी आणि कर्नाळ्याच्या चिखलात भिजलो, तो माझ्या दारात चपलांमध्ये बसला होता. आत जाऊन मी बुटांचं रिकामं खोकं आणलं, झाकणाला भोकं पाडली, तळाशी जुना पंचा घातला आणि त्याला रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पहाटे पाऊस उघडल्यावर दाट झाडीच्या कडेला खोकं उघडलं. क्षणभर तो काठावर बसला आणि निळी ठिणगी उडावी तसा गेला.

त्या पक्ष्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पावसातल्या पक्ष्यांच्या छायाचित्रणावरचा लेख न काढलेल्या फोटोपासून सुरू होतोय, हे माझ्या लक्षात आहे. का ते पुढे येईलच.

०००

आधी थोडं गणित. पावसाचा टपोरा थेंब खाली येताना सेकंदाला साधारण आठ मीटर वेगाने येतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो सुमारे १३ सेंटिमीटर खाली सरकतो आणि फोटोत त्याची तेवढी रेघ उमटते. तिबोटी खंड्याची चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी तेवढीच, १३ सेंटिमीटर. म्हणजे १/६० च्या शटरला पावसाची प्रत्येक रेघ पक्ष्याएवढी लांब. १/२५० ला ती तीन सेंटिमीटरवर येते. १/१००० ला आठ मिलिमीटर. १/२००० ला नुसते ठिपके उरतात, आणि मग घरचे विचारतात, फोटोवर मीठ सांडलंय का?

पावसात फोटो काढणाऱ्याचा सगळा झगडा या रेघेच्या लांबीशी असतो. रेघ लांब हवी, म्हणजे पाऊस पाऊस वाटतो. पण शटर जितकं सावकाश, तितका पक्षी हलायचा धोका जास्त. ओला पक्षी तर सारखा अंग झटकत असतो. उलट शटर वेगवान ठेवावं तर उजेड कुठून आणायचा? जुलैतल्या भर दुपारी येऊरच्या झाडीत तिन्हीसांजेएवढा अंधार असतो. तिथे १/६० ला १६०० आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला तेवढी संवेदनशीलता, पुरत असेल, तर १/१००० ला २५,६०० लागतो. त्या आकड्याला पिसांची वीण जाऊन रवा दिसायला लागतो.

बरं, हा हिशोब पक्ष्याच्या अंतरावरच्या थेंबाचा. लेन्सपासून हातभर अंतरावरचा थेंब पांढुरक्या डागासारखा सगळ्या चित्रावर पसरतो. आणि ऑटोफोकस हे इमानी पण बुद्धीने बेताचं जनावर आहे. त्याला पक्षी दाखवावा, तर ते मधल्या थेंबाकडे धावतं. जुने लोक हाताने फोकस करायचे, त्याची किंमत जुलैत कळते.

आणखी एक गोष्ट मला कळायला फार वर्षं लागली. पांढऱ्या आकाशासमोर पाऊस दिसतच नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या कोतवालाचे मी धो धो पावसात शेकड्याने फोटो काढले, आणि प्रत्येकात तो कोरड्या हवेत बसल्यासारखा दिसतो, फक्त चिडलेला. पाऊस दिसायला मागे काळोख लागतो. भिजलेलं खोड, बांबूचं बेट, पारसिकच्या डोंगराची काळी भिंत. उजेड बाजूने किंवा मागून आला तर प्रत्येक रेघ चमकते. म्हणून पावसात मी आधी पाठची बाजू शोधतो आणि मग तिच्यासमोर कुणी येऊन बसेल याची वाट बघतो. कुणीतरी येतंच. बहुतेक वेळा साळुंकी.

०००

२०२५ साली पावसाने घाई केली. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच येऊन थडकला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. माझ्या कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं आवरण तेव्हा माळ्यावर होतं, दिवाळीच्या कंदिलाखाली.

पक्ष्यांची तयारी आपल्यासारखी माळ्यावर नसते. कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूला मे महिन्याच्या अखेरीपासूनच पावशा ओरडायला लागतो. शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येतं, रात्री दोनला झोपमोड झालेल्या फ्लॅटवाल्याला भलतंच काहीतरी. मागोमाग काळा-पांढरा, तुऱ्याचा चातक येतो. तो फक्त पावसाचे थेंब पितो, ही आपली लाडकी समजूत. प्रत्यक्षात त्याला केसाळ सुरवंटांची भूक असते आणि त्याच्या मादीला सातभाईंच्या घरट्यांत अंडी टाकायची असतात. दोन्ही गोष्टी पावसातच जमतात. चातक आफ्रिकेतून नेमका कुठल्या वाटेने येतो-जातो हे शोधण्यासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये दोन चातकांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. मोसमी वाऱ्याची वाट आणि या पक्ष्याची वाट यांचा मेळ लावायचा तो प्रयत्न होता. आपल्या आजीने तो आधीच लावून टाकला होता.

येऊरच्या पानगळीच्या रानात नवरंगाची दोन सुरांची शीळ याच सुमारास सुरू होते. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडींत तिबोटी खंड्या बीळ कोरायला लागतो. त्याचं नाव किती नेमकं आहे बघा. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. मराठीत पक्ष्यांची अशी नावं गोळा करण्यात हयात घालवलेले मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ ला सोलापुरात गेले, ऐन पावसात.

बाहेरगावचे पक्षीनिरीक्षक ठाण्याला हिवाळ्यात येतात. रोहित, बदकं, चिखलपायटे सगळे तेव्हाच असतात. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं, आणि तिथे रोहित दाखवायला नेणाऱ्या बोटींचा हंगामही थंडीचाच. पावसाळ्यात बहुतेक रोहित निघून जातात, खाडी रिकामी वाटते आणि लोक कॅमेरे कपाटात ठेवतात. पण हिवाळ्यातले ते पाहुणे इथे फक्त खायला येतात. इथे संसार थाटणाऱ्यांचा हंगाम पावसाळा. सुरवंट, नाकतोडे, बेडकं, खेकडे, कोवळं गवत, सगळी रसद जून ते सप्टेंबरात असते. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी चढते. लाल मुनियाचा नर अंगभर लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके मिरवतो. कमळपक्ष्याला लांब शेपूट फुटते. भाताच्या खाचरांत रंगीत पाणलाव्याची मादी नटून फिरते आणि अंडी उबवायचं काम नराकडे सोपवून दुसरा नवरा बघते.

०००

या संसारात सगळ्यात उघड्यावर काम करते सुगरण.

शिळफाट्याकडे, नेवाळी-खोणीच्या बाजूला, टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या अंगाला अजून काही विहिरी आणि काही शिंदीची झाडं उरली आहेत. जून-जुलैत तिथे सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. पिवळ्या डोक्याचा नर भाताच्या, गवताच्या, शिंदीच्या पानांच्या पट्ट्या सोलून आणतो. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात, अठरा-एक दिवस जातात. अर्धं विणून झालं की ते शिरस्त्राणासारखं दिसतं. त्या टप्प्यावर माद्या येऊन पाहणी करतात, आत बसून बघतात, ओढून बघतात. पसंत पडलं तर पुढचं काम होतं, नाही तर नर दुसरा खोपा घेतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे खोपा मराठी घराघरांत पोचला. पण नाव सुगरणीचं आणि सगळी विणकामाची मजुरी नराची, हा अन्याय भाषेने केला तो केलाच.

या विणकराचा पहिला नीट अभ्यास आपल्याच कोकणात, पावसातच झाला. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेलेली होती. ते आणि पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरणीची वसाहत होती. हाताला काम नव्हतं, बाहेर पाऊस होता आणि समोर हे पक्षी होते. रोज तासन् तास बसून त्यांनी बघितलं, की एकच नर एकामागून एक खोपे विणतो आणि प्रत्येक खोप्यात वेगळी मादी नांदवतो. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तो निबंध आला. बेकारीतल्या एका पावसाळ्याचं एवढं चांगलं फळ दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

फोटो काढणाऱ्यासाठी सुगरणीत एक मेख आहे. खोपे बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा-पाऊस झाडाने अडवावा. पक्ष्याची सोय झाली. पण खोपे बघायला मी पूर्वेला उभा राहणार आणि लेन्स पश्चिमेकडे रोखणार. सगळा पाऊस थेट तिच्या तोंडात. दर दोन मिनिटांनी काच पुसायची आणि पुसून होईपर्यंत नर पट्टी लावून गेलेला.

नेवाळीच्या बाजूला एका खाचराच्या बांधावर आवणी चालली होती. बायका इरली घेऊन वाकल्या होत्या. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं ते पाठीवरचं छप्पर आता कमी झालंय, निळं प्लास्टिकच जास्त दिसतं. मी महागड्या रेनकोटात आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजत कॅमेऱ्याला तीन पिशव्या बांधत होतो. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, त्याला कोरडं ठेवतो नि तू भिजतो?" त्यानंतर मी इरल्याचा विचार मनावर घेतला. खालून उघडं, वरून आणि मागून बंद, वारा खेळता, दोन्ही हात मोकळे. पावसात बसायला याहून शहाणं लपण मला दुकानात मिळालेलं नाही.

०००

सामानाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलायला लागलो की आम्ही लोक थांबत नाही.

कॅमेऱ्यावर पाणीरोधक म्हणून काहीही लिहिलेलं असो, मुसळधारेत त्यावर विश्वास ठेवू नये. लेन्सला लांब हूड, वर प्लास्टिक आणि खाली पाणी निथळायला वाट एवढं पुरतं. अंघोळीची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्याच्या पाठीला अगदी बरोबर बसते, किंमत वीस-तीस रुपये. उघड्यावर लेन्स बदलू नये. एसी गाडीतून एकदम बाहेर काढली की काचेवर धुकं चढतं, म्हणून एसी आधी बंद. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला कापडी पिशवी लागते. मी घाईत एकदा ती मुगाने भरली आणि भिजलेली तशीच डिकीत विसरलो. तिसऱ्या दिवशी मोड आले होते.

खरा शत्रू पाणी नाही, घरी आल्यानंतरची ओल. आपल्याकडे जुलैत भिंतींना हात लावला तरी दमट लागतात. अशा हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. जुने छायाचित्रकार लाकडी कपाटात पिवळा बल्ब लावून कॅमेरे ठेवत. तेच काम आता सिलिका जेलचा डबा करतो, फक्त त्यातले दाणे वेळेवर तापवून वाळवायला हवेत. मी एका पावसाळ्यात आळस केला. ऑक्टोबरात लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती दिव्यासमोर धरली, मान हलवली आणि काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो निकाल होता.

०००

आता पक्षी पावसात करतो काय ते बघू, कारण फोटो तिथे आहे.

पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल तो पिसांना चोळतो. पण पाणी अडवण्याचं मोठं काम पिसांच्या विणीचं असतं. एकमेकांत अडकलेल्या बारीक आकड्यांचं ते कापड असतं, म्हणून पिसं वारंवार सारखी करावी लागतात. रिमझिम असेल तर पक्षी पिसं फुलवून गोळा होऊन बसतो, आत हवेची ऊब धरतो. सर मुसळधार झाली की नेमकं उलटं. पिसं अंगासरशी दाबतो, मान ताठ करतो, चोच आकाशाकडे रोखतो, म्हणजे पाणी कौलावरून निथळावं तसं निथळून जातं. वंचक अशा वेळी बांधात रोवलेल्या खुंट्यासारखा दिसतो. खाडीकाठी एकदा तब्बल वीस मिनिटं मी खुंट्याचे फोटो घेत होतो आणि शेवटी शेजारचा खुंटा उडाला.

थेंबाचा मार काय असतो? पाच मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाचं वजन ग्रॅमच्या पंधराव्या भागाएवढं. तिबोटी खंड्या पंधरा-वीस ग्रॅमचा. साठ किलोच्या माणसावर त्याच प्रमाणात पाऊस पाडायचा तर एकेक थेंब पाव किलोच्या आसपास जाईल. हिशोब ढोबळ आहे, पण पानाआड अंग चोरून बसलेला सूर्यपक्षी बघताना तो आठवतो.

सगळ्यांना हे सारखं झेपत नाही. गव्हाणी घुबडाची पिसं आवाज न होण्यासाठी मऊ असतात, पाण्याला ती तेवढी दाद देत नाहीत. झडीच्या रात्री त्याची शिकार हुकते. सलग तीन-चार दिवस पाऊस लागला, की दिवसाउजेडी भुकेलं घुबड दिसण्याची शक्यता वाढते. फोटोवाल्याला तो 'लकी शॉट' वाटतो.

माझी आवडती वेळ पावसाची नाही, पाऊस थांबल्यानंतरची पहिली पाच मिनिटं. तेव्हा सगळं शहर वाळत घातल्यासारखं दिसतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर घार पंख पसरून बसते, खाडीतल्या खांबावर पाणकावळा पाठ करून पंख उघडतो, केबलवर बुलबुल अंग झटकतो. त्या झटक्याला १/१००० शटर लावलं की पक्ष्याभोवती पाण्याचं कारंजं मिळतं, १/६० लावलं तर नुसतं धुकं. मला दोन्ही आवडतात, पण दुसरं कुठल्या स्पर्धेत चालत नाही.

०००

आणि आता तिबोटीकडे.

कोकणात दर जूनमध्ये या पक्ष्याच्या बिळांची बातमी फिरते. लोकेशन एका व्हॉट्सअॅप ग्रुपमधून दुसऱ्यात जातं आणि शनिवारी पहाटे ओढ्याकाठी तिवया लागतात. बिळासमोर कुणीतरी छानशी, शेवाळ चढलेली काडी रोवलेली असते, पक्षी तिथे बसावा म्हणून. मध्ये येणारी फांदी 'साफ' झालेली असते. ती फांदीच बिळाचं तोंड सापापासून आणि पावसाच्या झोतापासून झाकत होती, हे तोडणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

मग तो प्रसिद्ध फोटो मिळतो. शेवाळलेल्या काडीवर तिबोटी खंड्या, चोचीत आडवी पाल किंवा बेडूक, मागे हिरवा अंधार, पावसाच्या रेघा. असा एक माझ्याकडेही आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आला होता, त्याचं कात्रण आईने जपून ठेवलंय. बऱ्याच वर्षांनी मी त्या सकाळच्या सगळ्या फायली ओळीने बघितल्या. प्रत्येक फोटोवर वेळ असते. पहिल्या फोटोत पाल धरलेला पक्षी, सात वाजून दहा. शेवटच्यातही तोच पक्षी, तीच पाल, सात वाजून चव्वेचाळीस. तो मला पोज देत नव्हता. चौतीस मिनिटं आमच्या जाण्याची वाट बघत बसला होता. आत चार-पाच पिल्लं असतील, वर पाऊस, आणि आम्ही पाच जण बिळाच्या तोंडाशी 'काय लाइट आहे' म्हणत उभे.

चोचीत भक्ष्य धरून फार वेळ बसलेल्या पक्ष्याचा फोटो दिसला, की आता मला छायाचित्रकाराचं कौशल्य दिसत नाही, त्याची उभी राहायची जागा दिसते.

कायदा याबाबत गुळमुळीत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही धरलेलं आहे. कॅमेऱ्याने केला तरी. ही ओळ आम्हा फोटोवाल्यांपैकी किती जणांनी वाचली असेल? मी स्वतः तरी ते कात्रण छापून आल्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचली. अनेक स्पर्धा आणि फोटोंचे गट आता घरट्याचे फोटो घेत नाहीत. चांगलं आहे, पण ते पुरेसं नाही. बक्षिसाने जे सुरू होतं ते बक्षीस बंद झाल्याने पूर्ण थांबत नाही, लाइक उरतातच.

मग पावसात काढायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. रस्त्यावरून, बांधावरून, गाडीतून, लोकलच्या खिडकीतून जे दिसतं ते. आपल्या असण्याची सवय असलेले पक्षी. ट्रॅक्टरमागे चिखलात नाचणारे गायबगळे, कोपर-दिव्याच्या पाणथळीतल्या शेराट्या, पत्र्यावरचा भिजका कावळा. आणि चौकट मोठी ठेवून. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने पक्ष्याच्या डोळ्यातला थेंब टिपता येतो, मान्य. पण पाऊस ही लांबरुंद गोष्ट आहे. पक्षी चौकटीत लहान राहिला, तरच तिच्यात पाऊस मावतो.

०००

हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर 'मुसळधार', ११५.६ च्या वर 'अतिमुसळधार' आणि २०४.५ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. पहिल्यात फोटो निघतात. दुसऱ्यात निघतात, पण कॅमेरा वाचतोच असं नाही. तिसऱ्यात घरी बसायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, उल्हास नदीने बदलापूर-कल्याणच्या वस्त्या बुडवल्या. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, त्यांना बोटींतून काढावं लागलं. उल्हास आणि काळू वर पाऊस झाला की खाली अर्ध्या तासात चेहरा बदलतात. काठावर तिवई लावून डोळा व्ह्यूफाइंडरला लावला, की पाठीमागचं पाणी दिसत नाही. येऊरच्या ओढ्या-धबधब्यांकडे जायला दर पावसाळ्यात मनाई आदेश निघतो, आणि मोठी लेन्स म्हणजे त्यातली सूट नव्हे.

दोन लहान सूचना. ओढ्याकाठच्या फांदीला हात घालण्याआधी बघा. चापडा हा हिरवा विषारी साप पावसाळ्यात कमरेएवढ्या उंचीवर निवांत बसलेला असतो आणि पानाहून वेगळा दिसत नाही. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टो झालेला माणूस पुढचे दोन महिने खिडकीतूनच पक्षी बघतो.

०००

खिडकीवरून आठवलं. डोंबिवलीला लोक राहायला आले ते भातशेतीच्या कडेला. माझ्या लहानपणी घराच्या गॅलरीतून खाचर दिसायचं आणि खाचरात बगळे. पलावा, निळजे, खोणीपासून कल्याणच्या रिंगरोडपर्यंत आता जिथे भराव पडलाय, तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी गुडघाभर पाण्यात पाणलावे बघितले आहेत. माझ्या हार्ड डिस्कमध्ये पावसाळ्यांचे जे फोटो आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या पाठीमागचं हिरवं आता नाही. पाऊस दिसायला मागे काळोख लागतो असं मी वर म्हटलं. तिथे आता पांढरे टॉवर आहेत, आणि पांढऱ्यासमोर पाऊस दिसत नाही.

येणाऱ्या पक्ष्यांना अर्थात हे कुणी कळवलेलं नाही. ते रात्री उडत येतात, पावसात वाट चुकतात, दिव्यांना भुलतात आणि कुणाच्या तरी जिन्यात शिरतात. पुढच्या मे-जूनमध्ये तुमच्याकडे असा निळा-नारिंगी किंवा नऊ रंगांचा पाहुणा आला, तर एवढं करा. दिवे आणि पंखा बंद करा. अंगावर हलका कपडा टाकून भोकांच्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, दूध-भात तर मुळीच नको. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, मुलांना झाकण उघडू देऊ नका आणि वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. मी त्या रात्री तो केला नाही, आपल्या हाताने सोडायची हौस भागवली. तसं करू नका. नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे: १९२६.